घरांसाठी घेतलेली जमीन

लॉस एंजेलिस शहराच्या मध्यवर्ती भागाला लागून, उत्तरेकडच्या टेकड्या कापून तयार केलेल्या पठारावर डॉजर स्टेडियम उभे आहे. 10 एप्रिल 1962 रोजी तिथे पहिला सामना झाला. एका वेळी 56 हजार प्रेक्षक बसू शकतील एवढे हे बेसबॉलचे मैदान अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये प्रेक्षकक्षमतेने पहिले आहे. वयाने ते तिसरे लागते. बोस्टनचे फेनवे पार्क आणि शिकागोचे रिग्ली फील्ड एवढी दोनच मैदाने त्याहून जुनी आहेत. मात्र मैदानाखालची जमीन खेळासाठी घेतलेली नव्हती. गरिबांना भाड्याची चांगली घरे बांधून देण्यासाठी, तिथल्या रहिवाशांना उठवून, शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली होती. घरांची जमीन मैदानाची कशी झाली, त्यासाठी नगरसभेत, मतपेटीत आणि न्यायालयात काय काय घडले, आणि हा सगळा व्यवहार एका कर्मचाऱ्याला किती महाग पडला, हा स्थानिक राज्यकारभाराच्या इतिहासातला फार बोलका भाग आहे.

या जागेला चावेझ रवीन, म्हणजे चावेझची घळ, असे नाव होते. ज्युलियन चावेझ हे एकोणिसाव्या शतकातले त्याच शहराचे नगरसेवक. घळीत आणि भोवतालच्या उतारांवर पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. हजारावर कुटुंबे तिथे राहत आणि त्यांतली बहुतेक मेक्सिकन वंशाची होती. शहराच्या इतर भागांत त्यांना घर मिळणे अवघड होते, कारण गोऱ्यांच्या वस्त्यांतल्या खरेदीखतांतच इतर वंशाच्या माणसांना घर विकू नये अशी अट लिहिलेली असे. त्यामुळे लोकांनी या टेकड्यांवर जमेल तसे बांधले, परसात भाज्या लावल्या, शेळ्या-कोंबड्या पाळल्या. रस्ते मातीचे होते आणि बऱ्याच घरांत सोयी अपुऱ्या होत्या. पण शाळा होती, चर्च होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार होता. गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कागदांत या वस्तीची नोंद मोडकळीला आलेली वस्ती अशी झाली. राहणाऱ्यांना ते आपले गाव वाटत होते. दोन्ही गोष्टींत तथ्य होते, पण निर्णय कागदावरून झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांत घरांची भीषण टंचाई होती. तिच्यावर उपाय म्हणून 1949 मध्ये संघराज्याच्या संसदेने गृहनिर्माण कायदा केला. त्याखाली लॉस एंजेलिसच्या वाट्याला 10 हजार घरांची योजना आली, आणि फ्लेचर बाउरन महापौर असताना नगरसभेने ती मंजूर केली. निवडलेल्या जागांपैकी सर्वांत मोठी जागा चावेझ रवीनची होती, सुमारे 300 एकरांची. रिचर्ड नॉइट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या नामवंत वास्तुविशारदांनी तिचा आराखडा केला. त्यात 24 तेरामजली इमारती, 163 दुमजली इमारती आणि एकूण तीन हजारांवर घरे होती. या वसाहतीला एलिशियन पार्क हाइट्स असे नाव ठरले.

24 जुलै 1950 रोजी वस्तीतल्या घरोघर प्राधिकरणाचे पत्र पोचले. तुमची जमीन सार्वजनिक घरांसाठी घेतली जाणार आहे, मोबदला मिळेल, आणि नव्या वसाहतीत घर घेण्याचा पहिला हक्क तुमचा राहील, असे त्यात म्हटले होते. सरकारी पत्रातले हे वचन पुढच्या साऱ्या कथेचा कणा आहे. त्यावर विश्वास ठेवून बहुसंख्य कुटुंबांनी दोन-तीन वर्षांत जागा सोडल्या. जे अडून बसले, त्यांच्या जमिनी सक्तीच्या संपादनाने घेण्याची कारवाई सुरू झाली. मालकांना थोडाफार मोबदला मिळाला, भाडेकरूंच्या हाती जवळपास काही पडले नाही.

वस्ती रिकामी होत असतानाच योजनेचे राजकीय पाठबळ सुटत गेले. सरकारने घरे बांधली तर आपला धंदा बसेल अशी भीती घरबांधणी आणि मालमत्ता व्यवसायातल्या बड्या मंडळींना होती. उघडपणे मात्र ही योजना समाजवादी आहे असा प्रचार झाला. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेत या शब्दाची धास्ती जबर होती, आणि लॉस एंजेलिस टाइम्स या शहरातल्या सर्वांत वजनदार दैनिकानेही योजनेविरुद्ध भूमिका घेतली. डिसेंबर 1951 मध्ये 15 जणांच्या नगरसभेने आधीचा निर्णय फिरवला. 8 मते योजना रद्द करण्याच्या बाजूने पडली, 7 विरोधात. संघराज्याशी केलेला करार शहराला असा एकतर्फी मोडता येणार नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरीही जून 1952 च्या मतदानात पाचांपैकी जवळजवळ तीन मतदारांनी सार्वजनिक घरांना नकार दिला. त्या मतदानाला कायद्याचे बंधन नव्हते, पण वाऱ्याची दिशा सर्वांना कळून चुकली.

फ्रँक विल्किन्सन यांच्यावर घाव पडला तो याच सुमारास. सुखवस्तू डॉक्टरचे पुत्र असलेले विल्किन्सन 1914 मध्ये जन्मले. तरुणपणी परदेश फिरताना पाहिलेल्या दारिद्र्याने त्यांच्या आयुष्याची वाट बदलली. 1940 च्या दशकात ते लॉस एंजेलिसच्या गृहनिर्माण प्राधिकरणात नोकरीला लागले. वेगवेगळ्या वंशांची कुटुंबे एकाच सार्वजनिक वसाहतीत राहावीत यासाठी त्यांनी झगडा केला, आणि अशा एका वसाहतीचे ते व्यवस्थापकही होते. पुढे प्राधिकरणाची माहिती आणि प्रसिद्धी त्यांच्याकडे आली. चावेझ रवीनच्या योजनेमागचा विचार लोकांपुढे मांडणे हे त्यांचे काम होते. वस्तीतल्या लोकांना नव्या घरांत पहिला हक्क मिळेल हे ते सभांमधून सांगत आणि त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

ऑगस्ट 1952 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासंबंधीच्या एका सुनावणीत ते साक्ष देत होते. जमीनमालकांच्या वकिलाने मध्येच विषय बदलला आणि ते कोणकोणत्या संघटनांचे सदस्य आहेत असे विचारले. विल्किन्सन यांनी तत्त्वाचा मुद्दा म्हणून उत्तर नाकारले. हे वृत्तपत्रांत ठळकपणे छापून आले, प्राधिकरणाने त्यांना आधी निलंबित केले आणि नंतर कामावरून काढले. आणखी काही सहकाऱ्यांच्या नोकऱ्याही अशाच गेल्या. ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते हे पुढे उघड झाले, पण त्यांच्या कामातली एकही चूक त्या सुनावणीत कोणी दाखवली नव्हती. वस्तीतल्या घरांची अवस्था काय आणि नव्या घरांची गरज किती, यावर त्यांची साक्ष घ्यायची होती. ती बाजूलाच राहिली. एका कर्मचाऱ्याविरुद्ध उठलेल्या या वादळाने पूर्ण योजनाच संशयाच्या घेऱ्यात आली. 1953 च्या निवडणुकीत बाउरन हरले आणि सार्वजनिक घरांच्या विरोधावर प्रचार केलेले नॉरिस पोल्सन महापौर झाले.

पोल्सन यांनी वॉशिंग्टनशी बोलणी करून चावेझ रवीनची गृहयोजना रद्द करून घेतली. संघराज्याने जमिनीवर जेवढा खर्च केला होता त्याच्या कितीतरी कमी किमतीत शहराने ती विकत घेतली. मात्र खरेदीखतात एक अट होती. ही जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठीच वापरावी. दरम्यान टेकड्या ओस पडल्या. अग्निशमन दलाने रिकाम्या घरांपैकी काही सरावासाठी जाळली. हटून बसलेली थोडी कुटुंबे तेवढी मागे उरली.

आता गोष्ट देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला जाते. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना आपले जुने, अपुरे एबेट्स फील्ड सोडून ब्रुकलिनमध्येच ॲटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या नाक्यावर नवे स्टेडियम हवे होते. बांधकामाचा खर्च ते स्वतः करणार होते, पण जागा एकसंध करण्यासाठी त्यांना सरकारी संपादनाची मदत लागत होती, आणि ती त्यांनी मागितली 1949 च्या त्याच गृहनिर्माण कायद्याच्या आधारे. न्यूयॉर्कच्या नगरविकासाची सूत्रे हाती असलेल्या रॉबर्ट मोझेस यांनी ती साफ नाकारली. खासगी क्लबचे मैदान हे त्या कायद्यातले सार्वजनिक प्रयोजन होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी देऊ केलेली क्वीन्समधली जागा ओमॅली यांना नको होती. सार्वजनिक प्रयोजनाची जी कसोटी एका किनाऱ्यावर स्टेडियमला आडवी आली, तिच्याच कक्षेत दुसऱ्या किनाऱ्यावर स्टेडियम बसवले गेले. या कथेत याहून विचार करायला लावणारी दुसरी जोडी नाही.

लॉस एंजेलिसच्या पुढाऱ्यांना संघ हवाच होता. जिल्हा प्रशासनातले केनेथ हान आणि नगरसेविका रोझलिंड वायमन यांनी तो आणण्यासाठी जिवाचे रान केले. वायमन 1953 मध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी निवडून आल्या होत्या. मोठ्या शहराला मोठ्या लीगचा संघ असलाच पाहिजे, असे त्या सांगत. चावेझ रवीनची जमीन ओमॅली यांना देण्याच्या कराराला मात्र नगरसेवक एडवर्ड रॉयबल आणि जॉन हॉलंड यांचा विरोध होता. मेक्सिकन वंशाचे रॉयबल 1949 मध्ये नगरसभेवर निवडून आले होते आणि उठवलेल्या लोकांची बाजू सभागृहात तेच मांडत होते. 7 ऑक्टोबर 1957 रोजी नगरसभेने 10 विरुद्ध 4 मतांनी करार मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी संघाने ब्रुकलिन सोडत असल्याचे जाहीर केले.

कराराच्या अटी नीट पाहण्यासारख्या आहेत. शहराने सुमारे 300 एकर जमीन द्यायची आणि ती सपाट करण्यासाठी 20 लाख डॉलर घालायचे. रस्त्यांसाठी जिल्ह्याने 27 लाख 40 हजार डॉलर द्यायचे. ओमॅली यांनी लॉस एंजेलिसमधले आपल्या मालकीचे, रिग्ली फील्ड याच नावाचे छोटे मैदान शहराला द्यायचे, 40 एकरांवर लोकांसाठी मनोरंजन केंद्र उभारून ते 20 वर्षे चालवायचे, आणि स्टेडियम स्वतःच्या पैशाने बांधायचे. जमिनीवरचा मालमत्ता करही त्यांनीच भरायचा. समर्थकांच्या मते पडीक जमिनीतून शहराला कर, नोकऱ्या आणि नाव मिळत होते. विरोधकांचा सवाल होता की ज्या जमिनीवरून माणसे घरांच्या नावाने उठवली, ती एका व्यापाऱ्याला का द्यावी?

विरोधकांनी हजारो सह्या गोळा करून प्रश्न मतदारांपुढे आणला. यांत सामाजिक कळकळ असलेले लोक होते, तसेच व्यावसायिक हितसंबंध असलेलेही होते. सान डिएगोच्या एका छोट्या लीगच्या संघाच्या मालकाला शेजारी मोठा संघ नको होता आणि विरोधी मोहिमेला त्याचे पैसे मिळत होते. मतदानाच्या दोन दिवस आधी, 1 जून 1958 रोजी, समर्थकांनी दूरचित्रवाणीवर तासन्‌तास चालणारा कार्यक्रम केला. त्यात चित्रपटांतले तारे येऊन करारासाठी मत मागत होते, आणि तेव्हा नट असलेले रोनाल्ड रीगन त्यांच्यापैकी एक होते. 3 जूनला पावणेसात लाखांच्या आसपास मते पडली आणि सुमारे 25 हजारांच्या फरकाने करार टिकला. संघ त्याआधीच शहरात येऊन खेळू लागला होता, त्यामुळे नाही म्हणणे म्हणजे आलेल्या पाहुण्याला दारातून परत लावणे ठरले असते. इतका जोर लावूनही फरक एवढाच राहिला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मग न्यायालय. खालच्या न्यायालयाने जुलै 1958 मध्ये करार अवैध ठरवला. 13 जानेवारी 1959 रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने फिरवला. त्याचा रोख असा होता की करार अखंड पाहायचा असतो. शहराला त्यातून सार्वजनिक हिताचे काही मिळत असेल, तर काही कलमांचा फायदा फक्त क्लबला होतो एवढ्याने तो बाद होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला.

निर्णय आणि नकार यांच्या मधल्या काळात, 8 मे 1959 रोजी, उरलेल्या घरांवर पोलीस आले. आरेचिगा कुटुंबाने दार उघडले नाही. घरातल्या एका बाईला चौघांनी हातपाय धरून उचलून बाहेर आणले, पाठोपाठ बुलडोझरने घर पाडले, आणि हे सगळे कॅमेऱ्यांसमोर झाले. कुटुंबाने तिथेच तंबू ठोकले आणि शहरभर हळहळ व्यक्त झाली. थोड्या दिवसांनी या कुटुंबाच्या मालकीची शहरात आणखी घरे आहेत अशी बातमी आली आणि सहानुभूती ओसरली. बातमी खरी होती. तरी तिच्यातून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते, कारण 1950 च्या पत्रातले वचन मालमत्ता किती आहे हे पाहून दिलेले नव्हते. पुढच्या पिढ्यांच्या मनात मात्र या दिवसाची छायाचित्रेच राहिली, आणि अनेकांना असे वाटू लागले की लोकांना स्टेडियमसाठीच हाकलले. खरा घटनाक्रम त्याहून क्लेशदायक आहे. ते हाकलले गेले चांगल्या घरांसाठी, आणि ती घरे कधी बांधलीच गेली नाहीत.

17 सप्टेंबर 1959 रोजी बांधकामाचा नारळ फुटला. टेकड्यांची सुमारे 80 लाख घन यार्ड माती कापून घळी भरल्या. पालो वेर्देची शाळा पाडण्याची तसदीही घेतली नाही, छप्पर काढून तिच्यात माती भरली आणि तिला पोटात घेऊन जमीन सपाट झाली. स्टेडियमला सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर लागले. 1923 च्या यांकी स्टेडियमनंतर पूर्णपणे खासगी पैशाने बांधलेले हे मुख्य लीगचे पहिले मैदान, आणि त्यानंतरचे थेट 2000 मध्ये सान फ्रान्सिस्कोत झाले. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी पुढे संघमालकांसाठी करदात्यांचे पैसे ओतले. त्या तुलनेत ओमॅली यांनी धोका स्वतः पत्करला, हे मान्य करायला हवे. मात्र शहराने दिलेली जमीन ही पैशाहून मोठी मदत होती आणि त्या जमिनीची किंमत आधी दुसऱ्यांनी मोजलेली होती.

ब्रुकलिनमधले एबेट्स फील्ड 1960 मध्ये पाडले गेले. ओमॅली यांनी मागितलेल्या नाक्यासमोर 2012 मध्ये दुसरेच एक बंदिस्त क्रीडागार उभे राहिले.

भारतीय वाचकाला यातला कायद्याचा भाग ओळखीचा वाटेल. 1894 च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक प्रयोजन हा शब्द इतका सैल होता की त्याच्याखाली पुष्कळ काही बसवता येत असे. 2013 मध्ये आलेल्या नव्या कायद्याने त्याची यादी दिली आणि त्या यादीत खेळाचे प्रकल्प स्पष्टपणे आहेत. पण याच कायद्याच्या कलम 99 ने, ज्या कामासाठी जमीन घेतली ते काम बदलण्याला अटकाव केला आहे. अनपेक्षित बदलाने जमीन मूळ कामाला निरुपयोगी ठरली, तरच सरकार ती दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरू शकते. कलम 101 प्रमाणे ताबा घेतल्यानंतर पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाकडे किंवा सरकारी जमीनपेढीत जायला हवी. चावेझ रवीनमध्ये गृहयोजना राजकीय निर्णयाने रद्द झाली. जमीन मात्र तिच्या जुन्या मालकांना परत देऊ केली गेली नाही.

विल्किन्सन यांना नोकरी गेल्यानंतर कोणी दारात उभे केले नाही. त्यांची पत्नी शिक्षिका होती, तिचीही नोकरी गेली. पासाडेनामधल्या एका दुकानात त्यांना रात्रपाळीच्या सफाईचे काम मिळाले, तेही कोणाला न सांगण्याच्या अटीवर. 1958 मध्ये अटलांटा येथे संसदेच्या चौकशी समितीने त्यांना पुन्हा तेच प्रश्न विचारले. मत आणि संघटना यांचे स्वातंत्र्य राज्यघटनेने दिले आहे, या आधारावर त्यांनी पुन्हा उत्तर नाकारले. त्याबद्दल झालेली शिक्षा 1961 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी कायम केली आणि त्यांना नऊ महिने तुरुंगात काढावे लागले. सुटल्यावर त्यांनी ती समिती बंद व्हावी यासाठी देशभर काम केले, आणि 1975 मध्ये ती बंद झाली. संघराज्याच्या तपास यंत्रणेने त्यांच्यावर ठेवलेल्या पाळतीची कागदपत्रे त्यांनी पुढे दावा लावून मिळवली. ती 1 लाख 32 हजार पानांची निघाली.

उतारवयात लॉस एंजेलिस शहराने त्यांना मानपत्र दिले. ज्या शहराच्या संस्थेने त्यांना काढून टाकले, त्याच शहराने नागरी स्वातंत्र्यासाठी आणि आपल्या गावासाठी केलेल्या आयुष्यभराच्या कामाची नोंद घेतली. 2006 च्या जानेवारीत, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

रहिवाशांच्या वाट्याला असे मानपत्रही आले नाही. 1981 मध्ये फर्नांडो व्हॅलेन्सुएला या मेक्सिकन गोलंदाजाने डॉजर्सकडून खेळताना जी जादू केली, तिच्यामुळे मेक्सिकन वंशाचे प्रेक्षक या मैदानाकडे मोठ्या संख्येने ओढले गेले, आणि आज ते संघाचे हक्काचे प्रेक्षक आहेत. 2028 च्या ऑलिंपिकमध्ये लॉस एंजेलिसच्या याच मैदानावर बेसबॉल खेळला जाणार आहे. क्रिकेटचे सामने त्याच स्पर्धेत पोमोना येथे होणार असल्याने भारतातल्या कित्येकांचे लक्ष त्या शहराकडे लागलेले असेल. दरम्यान 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने चावेझ रवीनच्या विस्थापितांसाठी एक विधेयक संमत केले. भरपाईच्या मार्गांचा अभ्यास करणारे कृतिदल नेमावे आणि तिन्ही वस्त्यांचे स्मारक व्हावे, अशी त्यात तरतूद होती. राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी ते सही न करता परत पाठवले. अशा कृतिदलाची स्थापना स्थानिक पातळीवरच व्हायला हवी, असे कारण त्यांनी दिले.